ताप उतरल्यानंतरचे दिवस

(हीरक महोत्सवी वर्षातील पालक-सभेतील भाषण)



हैदराबादेतील मराठी घरात मूल आजारी पडले की त्याच्या आजाराला एकाच दिवसात तीन नावे मिळतात. घरात त्याला ताप असतो, रिक्षावाल्याशी बोलताना त्याचा बुखार होतो आणि दवाखान्यातील परिचारिका त्याला ज्वरम् म्हणते. शब्द तीन असले तरी एक समजूत तिन्ही भाषांत सारखीच आढळते. ती अशी की ताप आला म्हणजे आजार आला आणि ताप उतरला म्हणजे आजार गेला. मुलाला वर्षातून एखाद्या वेळी सर्दी-पडशाचा ताप येतो तेव्हा या समजुतीने फारसे बिघडत नाही. परंतु ज्या मुलाला पुन्हा पुन्हा ताप येतो, त्याच्या बाबतीत हीच समजूत सर्वांत घातक ठरते. अशा मुलाच्या उपचारांचा मोठा भाग ताप नसलेल्या दिवसांत पार पाडायचा असतो. त्या दिवसांत डॉक्टर समोर नसतात, मूल खेळत असते, आणि उपचारांची सारी जबाबदारी आई-वडिलांवर असते.

याच शाळेतील एका विद्यार्थ्याची हकिकत या संदर्भात सांगण्यासारखी आहे. त्याच्या आई-वडिलांच्या संमतीने, परंतु नाव न घेता, ती येथे मांडली आहे. चौथीत शिकणाऱ्या या मुलाला श्रावणात थंडी वाजून ताप आला. रक्ततपासणीत हिवताप निघाला, व्हायव्हॅक्स जातीचा. तीन दिवस क्लोरोक्विन आणि त्याबरोबर चौदा दिवस प्रायमाक्विन अशी औषधे लिहून मिळाली. तिसऱ्या दिवशी मुलाचा ताप गेला. पाचव्या दिवशी तो शाळेत आला. प्रायमाक्विनची गोळी घेतली की पोटात दुखते, अशी त्याची तक्रार होती, आणि घटक चाचणीही तोंडावर आली होती. सहा गोळ्या झाल्यावर आईने विचार केला की मूल बरे झाले आहे, मग उगाच औषध पोटात कशाला जाऊ द्यावे! उरलेल्या आठ गोळ्यांची पट्टी कपाटातील डब्यात गेली आणि विसरली गेली.

दिवाळीनंतर मुलगा पुन्हा तापाने फणफणला. या वेळी औषधाच्या दुकानातून तापाचे सिरप आणि एक प्रतिजैविक आणले गेले. दुसऱ्या दिवशी ताप नव्हता, औषध लागू पडले असे वाटले. तिसऱ्या दिवशी पुन्हा हुडहुडी भरली. औषध बदलले, पुन्हा एक दिवस बरा गेला, पुन्हा ताप आला. दर वेळी मधला बरा दिवस त्या त्या औषधाच्या खात्यावर जमा होत होता. एक आठवडा असाच गेला.

कोड्याची उकल नांदेडहून दूरध्वनीवर बोलणाऱ्या आजींच्या एका प्रश्नाने झाली. त्यांनी औषधाचे नाव विचारले नाही. त्यांनी विचारले, "अगं, एक दिवसाआड येतोय का ताप? मग तिजारा असेल बघ." आई थबकली. स्वयंपाकघरातील कालनिर्णयावर दुधाचे खाडे लिहिलेले असत. त्याच चौकटींत तिने आठवून आठवून तापाच्या वेळा लिहिल्या. सोमवारी दुपारी, बुधवारी दुपारी, शुक्रवारी दुपारी. ते पान पाहताच डॉक्टरांनी रक्ताचा नमुना घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "मागच्या वेळी चौदा गोळ्या पूर्ण झाल्या होत्या का?" त्या संध्याकाळी कपाटातील डब्यात ती पट्टी सापडली. आठ गोळ्या तशाच होत्या.

आजींचा शब्द किती नेमका होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. जुन्या मराठी घरांत एकांतरा, तिजारा, चौथारा अशी तापांची नावे परिचित होती. आयुर्वेदातही विषमज्वराचे तृतीयक आणि चतुर्थक असे प्रकार वर्णिलेले आहेत. पहिला दिवस धरून मोजले तर सोमवारनंतरचा बुधवार हा तिसरा दिवस, म्हणून तो तिजारा. व्हायव्हॅक्स हिवतापाचे परजीवी रक्तातील तांबड्या पेशींत वाढतात आणि साधारण अठ्ठेचाळीस तासांनी त्या पेशी फोडून एकाच वेळी बाहेर पडतात. त्या वेळी हुडहुडी भरते, ताप चढतो आणि शेवटी दरदरून घाम येऊन उतरतो. मलेरी जातीच्या परजीवींत हेच चक्र बहात्तर तासांचे असते, तो चौथारा. पूर्वजांना परजीवी ठाऊक नव्हता. परंतु ताप कोणत्या दिवशी येतो याची मोजणी त्यांनी निष्ठेने ठेवली होती, आणि ती मोजणी बरोबर होती. अर्थात प्रत्येक हिवताप असा शिस्तीने येत नाही. सुरुवातीचे काही दिवस तो अनियमितही असतो, म्हणून निदान रक्ततपासणीवरच करावे लागते. परंतु ती तपासणी वेळेवर सुचावी यासाठी नोंदीचा उपयोग होतो.

या शहराचा हिवतापाशी असलेला संबंध तर जगाच्या इतिहासात नोंदला गेला आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना हिवतापाच्या रुग्णाचे रक्त प्यायलेल्या डासाच्या जठरात परजीवी आढळला. पुढील वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापावर काम करून त्यांनी डासामार्फत होणाऱ्या प्रसाराचे चक्र पूर्ण उलगडले आणि १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. नल्लाकुंट्यातील साथरोगांच्या रुग्णालयाला त्यांचेच नाव आहे. जुने हैदराबादकर त्याला कोरंटी दवाखाना म्हणतात. क्वारंटाइन या शब्दाचे ते हैदराबादी रूप आहे. मात्र रॉस यांच्या काळात एक गोष्ट अज्ञात होती. डासाने दंश केला नसतानाही काही महिन्यांनी ताप परत कसा येतो, हे कोडे पुढे अनेक दशके राहिले. त्याचे उत्तर १९८० च्या सुमारास मिळाले. व्हायव्हॅक्सचे काही परजीवी यकृतात सुप्तावस्थेत पडून राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जागे होऊन रक्तात उतरतात.

हे कळले की चौदा गोळ्यांचा अर्थ कळतो. क्लोरोक्विन रक्तातील परजीवींचा नाश करते, म्हणून ताप उतरतो. यकृतात निजलेल्या परजीवींवर त्याचा परिणाम होत नाही. तेथे प्रायमाक्विन लागते, आणि ते वजनाप्रमाणे, ठरलेले सर्व दिवस घ्यावे लागते. सहाव्या दिवशी ते थांबवणे म्हणजे शेतातील तणाचे शेंडे खुडून मुळे तशीच ठेवणे होय. ही गोळी उपाशीपोटी घेतल्यास पोटात दुखते, जेवणानंतर घेतल्यास बहुतेकांना सोसते, एवढी साधी गोष्ट त्या आईला माहीत असती तर दिवाळीनंतरचा ताप कदाचित टळला असता. या औषधाबाबत एक सावधगिरी मात्र अत्यावश्यक आहे. काहींच्या रक्तपेशींत जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असते. त्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटू शकतात. म्हणून शक्य तेथे आधी ती तपासणी केली जाते, आणि औषध चालू असताना लघवी गडद, काळपट रंगाची झाली तर गोळी थांबवून तत्काळ डॉक्टरांकडे जायचे असते. एका मुलाची उरलेली पट्टी दुसऱ्या मुलाला देऊ नये, याचे हेही एक कारण आहे.

त्या मुलाची तपासणी झाली, कमतरता आढळली नाही, आणि औषध नव्याने सुरू झाले. या वेळी गोळ्यांची पट्टी कालनिर्णयाला टाचणीने लावली गेली. रात्रीच्या जेवणानंतर गोळी देण्याचे काम वडिलांनी स्वतःकडे घेतले. चौदाव्या दिवशी रिकामी पट्टी मुलाने स्वतः काढली.

तापाची नोंद ठेवणे ही गोष्ट आज क्षुल्लक वाटते, परंतु वैद्यकातही ती उशिरा रुजली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तापमापक सुमारे फूटभर लांबीचा असे आणि त्याला वीस मिनिटे लागत. १८६० च्या दशकात इंग्लंडमधील डॉक्टर क्लिफर्ड ऑलबट यांनी सहा इंचांचा, पाच मिनिटांत वाचता येणारा तापमापक प्रचारात आणला. १८६८ साली जर्मनीतील कार्ल वुंडरलिख यांनी हजारो रुग्णांच्या तापाच्या आलेखांवर आधारलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. ताप हा स्वतंत्र रोग नसून रोगाचे लक्षण आहे, आणि त्याची एकच मोजणी फारसे सांगत नाही, त्याचा चढउतार सांगतो, हा विचार त्या कामाने दृढ झाला. आज प्रत्येक घरात इलेक्ट्रॉनिक तापमापक आहे. तरीही डॉक्टरांनी विचारले की उत्तर येते, "अंग गरम लागत होते."

म्हणून वारंवार ताप येणाऱ्या मुलाच्या घरी एक साधी वही असावी. तारीख, वेळ, तापाचा आकडा आणि तो काखेत मोजला की तोंडात, दिलेल्या औषधाचे नाव आणि मात्रा, सोबतची लक्षणे, शाळा बुडालेले दिवस आणि महिन्यातून एकदा मुलाचे वजन, एवढे तिच्यात लिहावे. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक असल्यास तो ताप समजला जातो. काखेतील आकडा तोंडातल्यापेक्षा थोडा कमी येतो. सर्व चाचण्यांचे कागद तारखेनुसार याच वहीला जोडावेत. डॉक्टर बदलला तरी वही बदलू नये. परप्रांतात राहणाऱ्या कुटुंबाला या वहीचा आणखी एक लाभ असतो. डॉक्टरांची भाषा आणि घरची भाषा वेगळी असली तरी आकडे आणि तारखा सर्व भाषांत सारख्याच वाचल्या जातात.

अशा वहीतून पुढे येणारे चित्र प्रत्येक वेळी भीतिदायक असतेच असे नाही. नुकतीच बालवाडीत जाऊ लागलेली मुले वर्षातून सहा ते आठ वेळा विषाणूजन्य सर्दी-तापाने आजारी पडणे हे सर्वसाधारण समजले जाते. दर वेळी नाक वाहते, तीन-चार दिवसांत ताप जातो, मधल्या काळात मूल खाते, खेळते आणि वजन वाढते, असे वहीत दिसले तर पालकांना हवा असतो तो धीर. प्रतिजैविकांचा अशा तापावर परिणाम होत नाही. याउलट सर्दी-खोकला काहीच नसताना मुलाला पुन्हा पुन्हा ताप येत असेल तर मूत्रमार्गाच्या संसर्गाची शंका घ्यावी लागते. प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वीच लघवीची कल्चर तपासणी केली तर निदान पक्के होते. ते वारंवार निसटत राहिले तर मूत्रपिंडावर व्रण राहू शकतात. ताप लांबला, वजन घटले, घरात कोणाला क्षय झालेला असेल, तर तपासाची दिशा आणखी वेगळी होते.

क्वचित वहीत विलक्षण नियमितपणा दिसतो. दर तीन ते आठ आठवड्यांनी तीन ते सहा दिवस ताप, घसा लाल, तोंडात फोड, मानेतील गाठी सुजलेल्या, आणि मधले सारे दिवस मूल ठणठणीत. पीएफएपीए या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या विकाराचे वर्णन १९८७ साली प्रथम झाले. तो संसर्गजन्य नाही, मुलाची वाढ खुंटवत नाही आणि बहुतेक मुले वाढत्या वयात त्यातून बाहेर पडतात. परंतु निदान होईपर्यंत अशी मुले दर महिन्याला प्रतिजैविक घेत राहतात. त्यांना निदानापर्यंत पोचवणारी मुख्य गोष्ट पालकांनी ठेवलेली तारखांची नोंद हीच असते. दर तापाला एकाच विडाल चाचणीवर "टायफॉइड आहे" असे ऐकून येणाऱ्या पालकांनीही ही नोंद ठेवावी. ती एकटी चाचणी निदानास पुरेशी नसते, रक्ताची कल्चर तपासणी अधिक भरवशाची असते. वर्षातून तीन वेळा टायफॉइड झाला असे सांगितले गेले असेल, तर त्या निदानाबद्दल डॉक्टरांना नम्रपणे विचारणे हा पालकांचा अधिकार आहे.

दुसरी हकिकत एका विद्यार्थिनीची आहे, आणि तिच्यात हानी अधिक आहे. सहावीत असताना तिचा घसा दुखला, चार दिवसांत आपोआप बरा झाला. अडीच-तीन आठवड्यांनी तिला ताप आला, गुडघा सुजला. गुडघा बरा होतो तोच घोटा दुखू लागला. लेझीमच्या सरावाने पाय दुखत असतील, असे घरच्यांना वाटले. तो संधिज्वर होता, ज्याला डॉक्टर रुमॅटिक फीव्हर म्हणतात. घशातील स्ट्रेप्टोकोकस जंतूंशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. पाच ते पंधरा वर्षे हे त्याचे मुख्य वय, म्हणजे नेमके शाळेचे वय. सांधे बरे होतात, झडपांची इजा मात्र राहू शकते, आणि प्रत्येक पुनरावृत्तीबरोबर ती वाढते. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य प्रतिजैविक सुरू झाले तर हा आजार टळू शकतो. एकदा झाल्यावर पुनरावृत्ती टाळण्याचा भरवशाचा उपाय म्हणजे दर एकवीस दिवसांनी बेन्झाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन.

मुलीच्या हृदयाच्या झडपेला तेव्हा किंचित इजा झालेली होती. इंजेक्शने सुरू झाली. हे औषध दाट असते, दुखते, आणि दुसऱ्या दिवशी बसणे कठीण होते. ती प्रत्येक वेळी रडे. आठ महिने नियमितपणे गेले. ताप नव्हता, सांधे दुखत नव्हते. उन्हाळ्याच्या सुट्टीत कुटुंब लातूरला गावी गेले. लग्नसराई होती, मुलगी आनंदात होती, आणि सुट्टीत तरी तिला सुई नको, अशा मायेने दोन इंजेक्शने चुकवली गेली. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा ती वर्गात नव्हती. गुडघे पुन्हा सुजले होते, जिना चढताना धाप लागत होती, आणि झडपेची गळती वाढली होती.

त्या आई-वडिलांना कोणी बोल लावला नाही, आणि लावूही नये. त्यांनी निष्काळजीपणा केला नव्हता. बरे दिसणाऱ्या मुलीला दर तीन आठवड्यांनी दुखवायचे, तेही न दिसणाऱ्या संकटासाठी, हे आई-बापाच्या काळजाला फार जड जाणारे काम आहे. ताप असताना रात्रभर उशाशी बसणे त्याहून सोपे असते, कारण तेथे संकट डोळ्यांसमोर असते. वर्षाला सतरा इंजेक्शने, आणि हृदयाला इजा झालेली असेल तर किमान दहा वर्षे, म्हणजे पावणेदोनशेच्या घरात. किती वर्षे घ्यायची हे तज्ज्ञ ठरवतात. काहींना त्याहूनही पुढे घ्यावी लागतात. एवढी दीर्घ निष्ठा केवळ भीतीच्या बळावर टिकत नाही, तिला दिनक्रमाचा आधार लागतो.

तो आधार एका साध्या हिशेबातून सापडला. एकवीस दिवस म्हणजे नेमके तीन आठवडे, त्यामुळे वार बदलत नाही. तिचा गुरुवार ठरला. वर्षाच्या आरंभीच वर्गशिक्षिकांच्या दिनदर्शिकेत प्रत्येक तिसऱ्या गुरुवारी खूण झाली. त्या दिवशी तिला शेवटच्या तासाला सोडण्यात येई आणि शुक्रवारी कवायतीतून सूट असे. परीक्षा आली तरी गुरुवार हलला नाही. पुढच्या उन्हाळ्यात लातूरला निघण्यापूर्वी वडिलांनी डॉक्टरांकडून औषधाचे नाव, मात्रा आणि तारखा लिहिलेले पत्र घेतले, आणि दोन्ही इंजेक्शने तेथील शासकीय रुग्णालयात दिली गेली. त्या जूनमध्ये ती पहिल्या दिवशी वर्गात होती.

जे या दोन आजारांत घडते ते डेंग्यूत अधिक वेगाने घडते, म्हणून पावसाळ्यानंतरच्या दिवसांत ते प्रत्येक पालकाला ठाऊक असावे. डेंग्यूचा धोक्याचा काळ बहुधा ताप उतरू लागल्यानंतर, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसांच्या दरम्यान येतो. ताप गेला म्हणून घरात सुटकेचा निःश्वास टाकला जातो आणि त्याच वेळी पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे, मूल मलूल किंवा अस्वस्थ होणे अशी लक्षणे दिसू लागतात. यांपैकी एकही लक्षण दिसल्यास सकाळची वाट पाहू नये.

तापाच्या प्रत्यक्ष दिवसांतील काही पथ्येही सांगणे आवश्यक आहे. मुलांच्या तापासाठी पॅरासिटामॉल हे औषध वयाप्रमाणे नव्हे तर वजनाप्रमाणे द्यावयाचे असते. प्रत्येक किलोला दहा ते पंधरा मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचे अंतर, आणि चोवीस तासांत चारपेक्षा अधिक मात्रा नाहीत. थेंबांच्या बाटलीतील औषध सिरपपेक्षा कितीतरी तीव्र असते, म्हणून एकाचे माप दुसऱ्याला वापरू नये. ॲस्पिरिन मुलांना स्वतःहून देऊ नये. बारा वर्षांखालील मुलांसाठी निमेसुलाइडच्या वापरावर भारतात २०११ साली बंदी आली. जुन्या चिठ्ठीवरून ते आणू नये. डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेनही टाळावे. अंग पुसायचे तर कोमट पाण्याने, बर्फ किंवा स्पिरिट वापरू नये. तीन महिन्यांखालील बाळाला ताप आला, झटका आला, मान ताठली, श्वास वेगाने चालू लागला, अंगावर जांभळे डाग उठले किंवा मूल जागे होईनासे झाले, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये. ताप पाच दिवसांहून लांबला तर तपासणी झालीच पाहिजे.

पालकांकडून एवढ्या अपेक्षा ठेवताना शाळेनेही आत्मपरीक्षण करणे प्राप्त आहे. वर्षभर एकही दिवस न चुकवणाऱ्या विद्यार्थ्याला बक्षीस देण्याची प्रथा अनेक शाळांप्रमाणे या शाळेतही चालत आली. हेतू चांगला होता. परंतु सकाळी तापाचे सिरप देऊन पाठवलेले मूल दुपारच्या सुट्टीनंतर बाकावर डोके टेकते, हे दृश्य प्रत्येक शिक्षकाने पाहिलेले आहे. औषधाचा अंमल उतरला की ताप दिसतो, आणि तोवर शेजारच्या बाकालाही तो दिलेला असतो. हीरक महोत्सवी वर्षापासून हे बक्षीस बंद करण्यात येत आहे. आजारी मुलाची हजेरी वैद्यकीय चिठ्ठीने भरून निघेल, बुडालेला अभ्यास वर्गमित्रांच्या वहीतून आणि शिक्षकांच्या वेळेतून भरून निघेल. दीर्घ उपचार घेणाऱ्या मुलांच्या तारखा वर्गशिक्षकांच्या दिनदर्शिकेत पालकांच्या संमतीने लिहिल्या जातील. आजाराचे नाव वर्गात उच्चारले जाणार नाही.

घरांनीही एक बदल मनावर घ्यावा. या दोन्ही हकिकतींत सुरुवातीला आजारपणाचा सारा हिशेब एकट्या आईच्या डोक्यात होता. कोणती गोळी कधी, मागचा ताप केव्हा, कागद कोठे ठेवला, हे तिलाच ठाऊक. ती थकली की उपचार थकले. नोंद भिंतीवर आली तेव्हाच वडिलांना आपला वाटा उचलता आला आणि आजींचे अनुभवाचे शब्दही उपयोगी पडले. आजोळ दूर असलेल्या, शेजारी वेगळ्या भाषेत बोलणाऱ्या मराठी कुटुंबांत हे विशेष महत्त्वाचे आहे. येथे मदतीला धावून येणारी मावशी-आत्या नसते. जे काही आहे ते दोघांनी वाटून घ्यायचे असते.

ती विद्यार्थिनी आता महाविद्यालयात आहे. तिच्या झडपेवरील इजा पूर्ण भरून आलेली नाही, परंतु त्या एका जूननंतर ती वाढलेलीही नाही. इंजेक्शनची नोंदपत्रिका आता तिच्याच पिशवीत असते, आणि पुढील तारीख आई-वडिलांनी विचारण्यापूर्वी तीच सांगते. या महोत्सवाच्या तयारीच्या बैठकीस माजी विद्यार्थिनी म्हणून तिला बोलावण्यात आले होते. बैठक गुरुवारी ठेवलेली होती. तिने कळवले की बुधवारी किंवा शुक्रवारी ठेवल्यास येता येईल, या गुरुवारी जमणार नाही. बैठक शुक्रवारी झाली. खुर्चीवर बसणे अवघड होते म्हणून ती बहुतेक वेळ उभीच होती.